चौसष्ट एकांची संख्या: १८४४६७४४०७३७०९५५१६१५

प्रश्न थोडक्यात असा: गोदामाचा साठा ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एका मालासमोर शिल्लक म्हणून १८४४६७४४०७३७०९५५१६१५ हा आकडा उमटला. चूक दुरुस्त झाली, पण आकडा डोक्यातून जाईना. ही मूळ संख्या आहे का? नसेल तर अवयव कोणते? हिच्यात काही खास आहे का? आणि एक्सेलमध्ये ७, ११, १३ अशा कशानेही भागलं तरी भाग पूर्ण जातो, हे कसं?

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तिथेच बहुतेक जण फसतात. एक्सेल पहिले पंधरा अंक धरतं आणि पुढे शून्यं भरतं. म्हणजे तुम्ही भागत होता ती संख्या १८४४६७४४०७३७०९५००००० होती, तुमची नव्हतीच. दुसरी गोष्ट त्याहून फसवी आहे. असे प्रोग्रॅम संख्या ज्या पद्धतीने साठवतात तिच्यात एका मर्यादेपुढे दशांश भागाला जागाच उरत नाही. ही मर्यादा साधारण ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या आसपास, म्हणजे २ च्या ५३ व्या घाताशी येते. तुमच्या संख्येला दोन हजारांपर्यंतच्या कोणत्याही संख्येने भागलं तर भागाकार या मर्यादेच्या वरच राहतो. मग तो पूर्णांकच दिसणार, दुसरं काही दिसूच शकत नाही. मी संख्या सिद्धांत शिकवायला लागलो तेव्हा मुलं लॉग टेबलवरून अशा चुका करायची. आता यंत्रावरून करतात, आणि यंत्राने सांगितलेलं म्हणून वादही घालतात.

कागदावर ७ ची परीक्षा दोन ओळींची आहे, पण त्यासाठी ही संख्या मुळात कोण आहे ते कळायला हवं. २ चा ६४ वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा, की ही मिळते. संगणकात ६४ घरं आहेत, प्रत्येकात ० किंवा १, आणि ऋण चिन्हाची सोयच ठेवलेली नाही, अशी कल्पना करा. सगळ्या घरांत १ भरला की होणारी सर्वांत मोठी संख्या ती हीच. तुमच्या गोदामात शिल्लक ० असताना कोणीतरी एक नग आणखी वजा केला. स्कूटरच्या किलोमीटरच्या चकत्या ००००० वरून एक घर मागे फिरवल्या तर ९९९९९ दिसतं, तसंच हे. फक्त इथे नऊंच्या जागी चौसष्ट एक आहेत.

आता ७. दोनाचा घन ८, त्याला ७ ने भागलं की बाकी १. ६४ म्हणजे २१ वेळा ३ आणि वर १. म्हणून २ च्या ६४ व्या घाताची बाकी २, आणि एक वजा केल्यावर आपल्या संख्येची बाकी १. भाग जात नाही. ११ साठी २ चा दहावा घात १०२४ बाकी १ देतो, म्हणून फक्त २ चा चौथा घात १६ बघायचा. शेवटी बाकी ४. १३ ची बाकी २ येते. वीस अंकांच्या संख्येचा भागाकार असा तोंडी होतो. मुलांना मी एवढंच सांगत आलो आहे की मोठी संख्या समोर आली की तिचे अंक बघत बसू नका, ती कशी घडली ते विचारा. हिचे सगळे गुण तिच्या घडणीत आहेत. अंकांतून फार तर एवढं कळतं की शेवटी ५ आहे म्हणून ५ ने भाग जातो, आणि अंकांची बेरीज ८७ आहे म्हणून ३ ने जातो पण ९ ने जात नाही. (‘अंकशास्त्र’ हा शब्द मी मुद्दाम टाळतो. तो उच्चारला की समोरचा जन्मतारीख सांगायला लागतो.)

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ अशी दिसते. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या पुस्तकात एकं, दहं, शतं करत जी अठरा स्थानं दिली आहेत त्यांतलं शेवटचं परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपली संख्या १८४ परार्धांच्या पुढे जाते. भास्कराचार्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण ही संख्या हाताने काढायची उत्तम रीत त्यांच्याच पुस्तकात आहे.

११५० च्या लीलावतीत गुणोत्तर श्रेढीची बेरीज करण्याचा नियम आहे. पदांची संख्या सम असेल तर निम्मी करा आणि बाजूला ‘वर्ग’ लिहा. विषम असेल तर एक कमी करा आणि ‘गुणक’ लिहा. शून्यापर्यंत पोचलात की यादी उलटी वाचत या. ६४ वर हे करून पाहा: ३२, १६, ८, ४, २, १, असे सहा ‘वर्ग’ आणि शेवटी एक ‘गुणक’. म्हणजे २ घ्या आणि सहा वेळा वर्ग करा: ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, आणि मग १८४४६७४४०७३७०९५५१६१६. एक वजा केला की तुमची संख्या. त्रेसष्ट वेळा दुप्पट करण्याऐवजी सहा वर्ग. आजचे प्रोग्रॅमर घातांक काढायला हीच युक्ती वापरतात.

त्याच ठिकाणी एक उदाहरण आहे. एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देत गेला, तर महिन्यात किती निष्क दिले? (निष्क, द्रम्म, पण, काकिणी ही त्या काळची चलनाची एककं.) कवड्यांत उत्तर येतं २१४७४८३६४६. म्हणजे १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. ही कवड्यांची संख्या प्रोग्रॅमरला ओळखीची वाटेल. जुन्या ३२ घरांच्या चिन्हयुक्त संख्येची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ आहे, आणि दात्याच्या कवड्या तिच्याहून बरोबर एकने कमी आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणे इथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. तिथे मुलांना घेऊन गेलो की हे उदाहरण मी हमखास सांगतो.

आता अवयव. मूळ संख्या तर ही नाहीच, पण अवयव शोधायला संगणकही लागत नाही. आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीतली ११११११११ ही आठ एकांची संख्या घ्या. १११११११ नव्हे, आठच. मुलं इथे मोजायला चुकतात. ११ ला १०१ ने गुणलं की ११११ होतात, कारण ११ ची जोडी एकदा मूळ जागी आणि एकदा दोन घरं सरकून बसते. ११११ ला १०००१ ने गुणलं की आठ एक होतात. पुढे १००००००१ नव्हे, तर मध्ये सात शून्यं असलेल्या १०००००००१ ने गुणायचं, की सोळा. दरवेळी दुप्पट. सहा पायऱ्यांत चौसष्ट एक.

हेच द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरणाऱ्या पद्धतीत, वाचा. तिथे ११ म्हणजे ३, १०१ म्हणजे ५, १०००१ म्हणजे १७, त्यापुढचे २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. म्हणून

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

शाळेत शिकलेलं ‘वर्गांतील फरक’चं सूत्र सहा वेळा वापरलं तरी हेच मिळतं, पण मला एकांच्या रांगा सरकवून दाखवणं जास्त आवडतं. फळ्यावर ते डोळ्यांना दिसतं.

या सहा संख्या फेर्माच्या संख्या म्हणून ओळखल्या जातात. त्यांच्यात एक सुंदर नातं आहे: कोणतीही एक घ्या, तिच्यातून २ वजा करा, की तिच्याआधीच्या सगळ्यांचा गुणाकार मिळतो. ३ × ५ = १५, म्हणजे १७ वजा २. १५ × १७ = २५५, म्हणजे २५७ वजा २. सगळ्या विषम असल्यामुळे यातून लगेच निघतं की कोणत्याही दोघींना १ सोडून सामाईक अवयव नाही. दोघी सहमूळ.

१६४० च्या सुमारास पिएर द फेर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटलं की या प्रकारच्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात. ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ खरोखर मूळ आहेत. घोडं अडलं ते सहाव्या संख्येपाशी. १७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलरने दाखवलं की ४२९४९६७२९७ ला ६४१ ने भाग जातो. तुम्हीही दोन मिनिटांत पडताळू शकता. ६५५३६ ला ६४१ ने भागा: १०२ वेळा, बाकी १५४. सहावी संख्या म्हणजे ६५५३६ चा वर्ग अधिक १, तेव्हा १५४ चा वर्ग अधिक १ तपासला की झालं. १५४ चा वर्ग २३७१६, अधिक एक २३७१७, आणि ते बरोबर ६४१ × ३७. भागाकार ६७००४१७.

ऑयलरने ६४१ शोधला कसा, हा खरा प्रश्न. ३, ७, ११ करत तो चालत गेला नाही. समजा प या मूळ संख्येने सहाव्या फेर्मा संख्येला भाग जातो. मग २ चा ३२ वा घात प ने भागल्यावर बाकी −१ देतो आणि ६४ वा घात बाकी १. म्हणजे २ चे घात एकामागून एक घेत गेलं तर बाक्यांचं चक्र नेमकं ६४ पावलांनी पुन्हा सुरू होतं. अशा चक्राची लांबी प − १ ला निःशेष भागते, हा फेर्माचाच सिद्धांत. म्हणून प हा ६४ च्या पटीपेक्षा एकने जास्त असलाच पाहिजे. तशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवीलाच यश. फेर्माचा अंदाज फेर्माच्याच सिद्धांताने पाडला, आणि हे हत्यार हाताशी असताना त्याने स्वतः ही पाच गणितं का केली नसतील, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढे एदुआर्द ल्युका याने अट आणखी आवळली: ६४ नव्हे, १२८ च्या पटीपेक्षा एक जास्त. या अटीचा उपयोग आपल्याला लगेच होतो, कारण प्रश्न उरतो ६७००४१७ चा. ती मूळ आहे का? तिचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास. एरवी तिथपर्यंतच्या पावणेचारशे-चारशे मूळ संख्यांनी भागून पाहावं लागलं असतं. पण तिचा कोणताही मूळ अवयव हा सहाव्या फेर्मा संख्येचाही अवयव असणार, म्हणून तो १२८ च्या पटीपेक्षा एक जास्त हवा. २५८८ च्या आत अशा मूळ संख्या पाचच आहेत: २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. त्यांतली २५७ स्वतःच फेर्मा संख्या असल्यामुळे सहमूळपणाने बाद. उरल्या चार. ६४१ ने भागल्यावर बाकी ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२. एकीनेही भाग जात नाही, म्हणून ६७००४१७ मूळ आहे. चार भागाकार, अर्धा कागद. वर्गात हे झालं की मागच्या बाकावरचाही मान वर करतो.

तर पूर्ण उत्तर:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सात वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. त्यामुळे विभाजक दोनाच्या सातव्या घाताइतके, म्हणजे १२८. त्यांच्या जोड्या लावल्या तर ६४. स्वतः संख्या सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज केली तर ती संख्येच्या सुमारे ७० टक्के भरते. १०० टक्के भरली असती तर परिपूर्ण संख्या म्हटलं असतं. ही न्यून आहे. एवढे छोटे अवयव असूनही न्यून, कारण ३, ५, १७ नंतरचे अवयव बेरजेत जवळजवळ काही भर घालत नाहीत.

याहून मला महत्त्वाची वाटणारी मोजणी वेगळी आहे. १ पासून एखाद्या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ संख्या किती? या मोजणीला ऑयलरचं फाय फल म्हणतात. संख्येचे अवयव वेगवेगळे मूळ असतील तर प्रत्येकातून एक वजा करून गुणाकार करायचा. आधी निम्म्या लांबीची बहीण बघा, बत्तीस एकांची ४२९४९६७२९५, म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. एक-एक वजा केले की २ × ४ × १६ × २५६ × ६५५३६. हा गुणाकार २१४७४८३६४८, नेमका २ चा ३१ वा घात. तिची शेजारीण ४२९४९६७२९६ घ्या. ती दोनाचा घात, तिच्याशी सहमूळ म्हणजे सगळ्या विषम संख्या, त्याही २१४७४८३६४८. एक विषम, एक सम, अवयवांचं एकमेकींशी काही देणंघेणं नाही, आणि उत्तर तंतोतंत सारखं. ३ आणि ४, १५ आणि १६, २५५ आणि २५६, ६५५३५ आणि ६५५३६, सगळ्या जोड्यांत हेच चालत येतं. चौसष्ट एकांवर आलो की मात्र ६४१ मध्ये उभा राहतो. ६४० आणि ६७००४१६ या संख्या दोनाचे घात नाहीत, म्हणून मोजणी निम्म्याहून किंचित कमी पडते आणि शेजारणीशी बरोबरी तुटते.

भूमितीतही गाडी इथेच थांबते. १७९६ मध्ये गाउसने कंपास आणि पट्टीने सुसम सप्तदशभुज काढता येतो हे दाखवलं. विषम बाजूंचा सुसम बहुभुज असा काढता यायचा तर बाजूंची संख्या वेगवेगळ्या फेर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. यापलीकडे शक्य नाही हे १८३७ मध्ये वान्त्सेलने सिद्ध केलं. अशा मूळ संख्या आज माहीत आहेत त्या पाचच. त्यांच्यापासून ३१ विषम बहुभुज बनतात, आणि सर्वांत मोठ्याला ४२९४९६७२९५ बाजू. पिंगलाच्या छंदशास्त्रावरून आलेला मेरुप्रस्तार, म्हणजे पास्कलचा त्रिकोण (कडेला १, आतली प्रत्येक संख्या वरच्या दोन शेजारच्या संख्यांची बेरीज), मांडा. विषम संख्येच्या जागी १ आणि समेच्या जागी ० लिहा. प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचली तर १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५ असं मिळत जातं. पहिली १ ची ओळ सोडून पुढच्या ३१ ओळी म्हणजे नेमके ते ३१ बहुभुज, त्याच क्रमाने. तेहतिसावी ओळ ४२९४९६७२९७, तिथे ६४१ लपलेला. चौसष्टावी ओळ सगळीच्या सगळी एकांची, तुमचीच संख्या. तेवढ्या बाजूंचा बहुभुज कंपासने निघत नाही.

बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच: पहिल्या घरात एक दाणा, पुढे दुप्पट. चौसष्ट घरांची बेरीज हीच. हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम धरलं तर सुमारे ७३,८०० कोटी टन गहू. जगाचं अलीकडचं वार्षिक उत्पादन ८० कोटी टनांच्या घरात आहे, म्हणजे नऊशे वर्षांहून जास्त. १८८३ मध्ये हनोईच्या मनोऱ्याचं कोडं आलं, त्यातल्या चौसष्ट चकत्या हलवायलाही एवढ्याच चाली लागतात. सेकंदाला एक धरली तर ५८,००० कोटी वर्षांहून जास्त. कोडं रचणारा तोच ल्युका, ज्याच्या १२८ च्या अटीने वर आपले भागाकार वाचवले.

राहिला तुमचा एक उपप्रश्न, की या मर्यादेच्या आत सर्वांत मोठी मूळ संख्या कोणती. तुमच्या संख्येतून ५८ वजा करा: १८४४६७४४०७३७०९५५१५५७. वरच्या बाजूला २ ने पुढे गेलात तर १८४४६७४४०७३७०९५५१६१७ येते, ती सातवी फेर्मा संख्या आणि तीही संयुक्त. ६४१ सारखा छोटा अवयव तिला नाही. सर्वांत लहान अवयव २७४१७७, दुसरा ६७२८०४२१३१०७२१. १८८० मध्ये फॉर्च्युने लांद्री याने हे अवयव प्रसिद्ध केले तेव्हा त्याचं वय ८२ होतं. भागाकार करून बघायचा असेल तर वहीतच करा, एक्सेलमध्ये नको.